नानांचा होकार

प्रतीक्षाने नानांच्या मानेमागे दुसरी उशी सरकवली, तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात आलेली लाळ ओढणीने टिपली आणि ती कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाली. भाग्येशने मोबाइल स्टँडला लावून स्टुलावर ठेवला होता. त्यात तिचे वडील, नाना, बरे दिसत होते. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा, आणि उजवा हात तिने मांडीवर ठेवला होता तसाच पडलेला.

"नाना, सुरू करू?" भाग्येशने विचारलं.

"हाय," नाना म्हणाले.

"'तारापूरला पडला तारा' या तुमच्या कादंबरीवर सिनेमा करायला तुमची परवानगी आहे?"

"हाय."

"आणि पटकथेत लागतील ते बदल करायला?"

"हाय."

भाग्येशने मोबाइल बंद केला आणि वाकून नानांच्या पायाला हात लावला. वकिलांना एवढंच हवं होतं, तो म्हणाला. सही जमत नसेल तर तोंडी होकार, तोही कॅमेऱ्यावर. आता निर्मात्यांना काही बोलायला जागाच नाही. प्रतीक्षा खिडकीतून बाहेर बघत राहिली. समोरच्या मांडवावर शेजाऱ्यांचे बोंबील वाळत होते आणि एक मांजर मोठ्या आशेने खाली बसलं होतं.

भाग्येशला एक गोष्ट माहीत नव्हती, आणि प्रतीक्षाने ती त्याला सांगितली नव्हती. दिवाळीच्या आधी अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून नानांकडे हा एकच शब्द उरला होता. चहा हवा का, हाय. चहा नको का, हाय. बोईसरच्या डॉक्टरांनी विचारलं, कोणता हात दुखतो, तर त्यालाही हाय. त्यांना सगळं समजतं, डॉक्टर म्हणाले होते, पण बोलायला गेलं की शब्द हाताशी येत नाही. यातली गंमत नानांच्याच पुस्तकात शोभली असती. जन्मभर ते 'आहे' म्हणत आले होते. निफाडकडून आलेला हा माणूस बोईसरच्या कारखान्यात बॉयलरवर लागला, तारापूरशेजारच्या घिवलीत खोली घेतली, घरमालकाच्या मुलीशी लग्न केलं आणि दोन्ही गावांचे शिव्याशाप खाल्ले. 'हाय' हा त्या मुलीचा, बायडीचा शब्द. नानांचे स्वतःचे सगळे शब्द गेले आणि बायकोचा तेवढा राहिला.

बायडी आत्ता मागच्या पडवीत पाहुण्यासाठी मासे साफ करत होती. नवऱ्याच्या पुस्तकाचा सिनेमा होणार याचा तिला आनंद होता, पण तो वरवरचा. तिचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. रोज सकाळी ती नानांसमोर बसून पानी म्हना, मासा म्हना, बायडी म्हना, असं लहान मुलाला शिकवावं तसं शिकवत असे. नाना तिच्या ओठांकडे बघत आणि हाय म्हणत.

नानांचं पुस्तक हसवणारं होतं. पृथ्वी जिंकायला निघालेलं एक यान घिवलीच्या समुद्रात आपटतं आणि त्यातला सेनापती एका म्हाताऱ्याच्या जाळ्यात सापडतो. अंगात हाड नाही, धरायला गेलं तर निसटतो, म्हणून गाव त्याचं नाव बोंबील ठेवतं. बोंबलाला पृथ्वी जिंकायची असते. पण त्यासाठी रहिवासी दाखला लागतो, दाखल्याला रेशनकार्ड लागतं आणि रेशनकार्डाला दाखला. या फेऱ्यांतच त्याची उमेद संपते. त्याला न्यायला दुसरं यान येतं तेव्हा हा सेनापती माशांच्या मांडवाखाली लपून बसतो. यान हात हलवत परत जातं, आणि दुसऱ्या दिवशी बोंबील बाजारात कोळंबीच्या वाट्यावरून भांडताना दिसतो. तिथे पुस्तक संपतं.

गावाशेजारी एक कारखाना असतो. त्यात काय बनतं ते कोणालाच ठाऊक नाही. रोज दुपारी तिथे धोक्याच्या सरावाचा भोंगा होतो. आकाश पालथं घालून आलेला सेनापती भिऊन पलंगाखाली शिरतो, आणि बायका एकमेकींना हाक मारून सांगतात, "भोंगा झाला गो, भात ठेव." हे वाक्य लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. पालघरच्या बाजारापासून डहाणूच्या बंदरापर्यंत, पोरगा नापास झाला की, गाडी चुकली की, सरकार पडलं की, कोणीतरी म्हणायचंच, भोंगा झाला, भात ठेव. नाना म्हणायचे, इथला माणूस रोज थोडा भिऊनच उठतो, निदान माझ्या पुस्तकात काही फुटणार नाही.

सिनेमा दिग्दर्शित करणारा भाग्येश पालघरचा. शाळेत असताना लायब्ररीतून नेलेली प्रत त्याने परत केलीच नव्हती, ती आजही त्याच्याकडे होती. पुस्तकावर त्याचं खरं प्रेम होतं. पण मुंबईत ज्याच्या त्याच्या दारात त्याला एकच प्रश्न विचारला गेला, यात शेवटी काहीच कसं होत नाही? शेवटी त्याने हात टेकले आणि प्रतीक्षाला फोन केला, शेवट बदलावा लागेल, आणि पटकथा तूच लिहिशील तर बरं.

तिने पटकथा लिहिली, शेवट बदलला. बोईसरच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये दिवसभर नमुने तपासायचे, घरी येऊन नानांचं करायचं आणि मग लिहायला बसायचं. ती अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत गाव झोपलेलं असे. लेखकाची मुलगी म्हणून तिला सगळे ओळखत, पण तूही लिहितेस का, असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिने धाडलेल्या कथांना साधी पोचही आली नव्हती. हा सिनेमा झाला तर पडद्यावर तिचं नाव येणार होतं. ते तिला हवं होतं, इतकं की स्वतःचीच लाज वाटावी.

लिहिलेला प्रत्येक प्रसंग तिने नानांना वाचून दाखवला होता. त्यांच्या मिशीची डावी बाजू वर जायची. ते त्यांचं आताचं हसू होतं. शेवट मात्र तिने वाचला नव्हता.

"शेवटाला काय म्हणाले?" भाग्येशने स्टँड गुंडाळता गुंडाळता विचारलं.

"अजून वाचला नाही."

"मग आत्ता वाच की. मला त्यांचा चेहरा टिपायचाय." तो पुन्हा स्टँड उघडू लागला. "अगं, मी तो फोनवर ऐकला तेव्हा रडलो होतो. त्यांना ऐकायला नको?"

"दमलेत ते."

"दमलात का हो, नाना?"

"हाय," नाना म्हणाले, आणि मिशीची डावी बाजू वर गेली. भाग्येश हसला आणि त्याने मोबाइल सुरू केला.

नाही म्हणायला तिच्याकडे काही कारण उरलं नाही. तिने कागद काढले. ती नानांच्या समोर बसली.

दुपार आहे, तिने वाचलं. गावात चुली पेटल्या आहेत. कारखान्याचा भोंगा होतो. बोंबील गल्लीगल्लीतून धावत सुटतो, पळा, आज सराव नाही, पळा. कोणी पळत नाही. एक म्हातारी त्याला म्हणते, "रोजचाच हाय रे बाबा, बस, च्या घे."

नानांची मिशी हलली. इथपर्यंत सगळं त्यांचंच होतं.

"भोंगा झाला गो, भात ठेव," एक बाई दुसरीला हाक मारून सांगते. भोंगा थांबत नाही. पडदा पांढरा होतो. धूर विरतो तेव्हा घरं नाहीत, मांडव नाहीत, होड्या नाहीत, माणसं नाहीत. वाळूवर बोंबील एकटा उभा आहे. त्याच्यासमोर एक चूल, चुलीवर पातेलं. तो झाकण काढतो. भात शिजलेला असतो.

चांगलं झालं होतं ते. तिला माहीत होतं, आजवर तिने लिहिलेलं सगळ्यात चांगलं तेच होतं, आणि ते नानांच्या सगळ्यात लाडक्या विनोदातून निघालं होतं. तिने वर पाहिलं.

नाना हसत नव्हते. डाव्या हाताने त्यांनी खुर्चीची कड घट्ट धरली होती. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. गळ्याच्या शिरा वर आल्या. आता हाय म्हणतील म्हणून ती वाट बघत होती. तिने तो शब्द मनातल्या मनात मागितलासुद्धा.

"नाय," नाना म्हणाले.

अगदी स्पष्ट म्हणाले. मागच्या पडवीत परात खणखणत खाली पडली.

"कोन बोललं?" ओले हात घेऊन बायडी दारात आली. "कोन नाय बोललं?"

"नाना बोलले, काकू," भाग्येश म्हणाला.

"नाय," नाना प्रतीक्षाकडे बघत पुन्हा म्हणाले.

बायडीने दोन्ही ओले हात तोंडावर ठेवले. मग ती मटकन नानांच्या पायाशी बसली आणि त्यांचे गुडघे धरून रडायला लागली. रडता रडता हसायलाही लागली.

"दुसरा शब्द बोलले गो! बोला, आनखी बोला तुमी."

"नाय. नाय."

"आयकलं ना, आयकलं ना तुमी?" ती भाग्येशला विचारत होती, भिंतीवरच्या देवाला विचारत होती. "साकर आन गो, पोरी!"

प्रतीक्षा जागची हलली नाही. आवाज ऐकून शेजारची स्वाती धावत आली, तिच्यामागून आणखी दोघीजणी आल्या. स्वाती नानांच्या तोंडासमोर वाकली.

"काका, मी स्वाती हाय. वळखलं ना?"

"नाय," नाना तिच्या अंगावर ओरडले.

सगळ्या खो खो हसल्या. स्वातीने तर पोट धरलं. नानांनी मान झटकली, डावा हात कागदांच्या दिशेने उचलला, पुन्हा नाय म्हणाले, आणि त्या आणखी हसल्या. इतक्या महिन्यांनी या घरात हसू आलं होतं. भाग्येशने मोबाइल स्टँडवरून काढून हातात घेतला होता आणि तो सगळं टिपत होता.

"काकू, सिनेमाने बोलतं केलं त्यांना," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

मग त्याने मोबाइल हळूहळू खाली घेतला. नानांचा हात कुठे दाखवतोय ते त्याला दिसलं असावं. तो प्रतीक्षाच्या शेजारी येऊन बसला. बायकांच्या गलक्यात त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"प्रतीक्षा, ते कशाला नाही म्हणतायत?"

तिने मांडीवरचे कागद नीट लावले. कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या.

"कशालाच नाही. डॉक्टर म्हणालेत, असे सुटे शब्द येतात. त्याला काही अर्थ नसतो."

"नक्की?"

"नक्की."

भाग्येशने हातातल्या मोबाइलकडे पाहिलं.

"मग मघाचं ते हाय?"

तिला वाटलं, आता हा आपल्याला सोडवेल. एवढं विचारलंय तर आणखी एकदा विचारेल, आणि मग आपण सांगून टाकू. ती थांबली. पण त्याने पुढे विचारलं नाही. तो नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि तिला कळलं, त्यालाही तेच उत्तर हवंय.

"तो होकार होता," ती म्हणाली.

भाग्येशने मान हलवली आणि तो स्टँड गुंडाळू लागला.

नानांची खुर्ची हाताच्या अंतरावर होती. झटक्याने त्यांच्या कानांना काही केलं नव्हतं. त्यांचा वर उचललेला हात सावकाश खाली आला आणि उजव्या हाताशेजारी मांडीवर पडला. प्रतीक्षाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिला बघवलं नसतं.

बायडी स्वतःच आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आली होती. दारात आणखी माणसं जमली होती आणि ती प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होती.

"परात धुवत व्हती मी, आनि आयकते तर काय! कशाला नाय म्हनतात ते कोन जाने, पन म्हनतात!"

तिने चमचाभर साखर नानांच्या ओठांशी धरली. नानांनी ओठ मिटून घेतले होते. साखर सदऱ्यावर सांडली. तिने ती हाताने झटकली, पुन्हा चमचा भरला आणि दारातल्या लोकांकडे वळून जरा थांबा अशी खूण केली.

"बगा, सगळी आलीत तुमाला आयकायला. म्हना एकदा," ती लाडाने म्हणाली. "नाय म्हना. नाय म्हना ना हो."

नानांनी ओठ आणखी घट्ट मिटले.