उंबरकोंडचा थांबा

"आगं, चढ की आता. ट्रकवाल्यानं किती येळ थांबायचं?"

लालासाहेबाने दुसऱ्यांदा हाक मारली तरी अंजना जागची हलली नाही. उतरवलेल्या घराच्या तुळया, चौकटी, जातं, कणगी असं सगळं ट्रकमध्ये करकचून बांधलं होतं. वळकट्यांवर त्यांची लेक शालू बसली होती. शेजारची म्हातारी धोंडुबाई कोंबड्यांचा डालगा मांडीवर घेऊन केव्हाची तयार होती. निम्मं गाव आधीच गेलं होतं. पावसाळा झाला की धरणाचं पाणी इथवर चढणार आणि उंबरकोंड पाण्याखाली जाणार, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

अंजना एसटीच्या थांब्यावर उभी होती. वाईहून सकाळची गाडी आली ती रिकामीच. कंडक्टर नवा होता. तो खाली उतरून तंबाखू मळत होता तशी ती पदर सावरत त्याच्याजवळ गेली.

"आवं, ही गाडी अजून किती दिस यील?"

"माणसंच न्हाईत तर गाडी कुणासाठी यील, मावशी? ह्या म्हैन्यात बंद."

"आन कुणी वाईच्या स्टँडवर उंबरकोंडचं तिकीट मागितलं तर?"

कंडक्टर हसला. "सांगायचं, बाबा, असलं गावच न्हाई आता."

तो आपला सहज बोलून गेला. त्याला काय माहीत?  अंजना वळली, ट्रकच्या फळीला धरून वर चढली, आणि वाट संपेपर्यंत तिने कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही.

दहा वर्षांपूर्वी अंजना भावाच्या लग्नाला माहेरी, तासगावकडे गेली होती. परतताना साताऱ्याच्या स्टँडवर वाईच्या गाडीची वाट बघत बसली. शालू तेव्हा अंगावर पिणारी. उन्हाने ती कोमेजली, रडरड रडायला लागली. तिला कडेवर घेऊन अंजना नळावर पाणी आणायला गेली. थोरल्या मानसिंगला तिने गाठोड्यावर बसवलं आणि बजावलं, "हितनं हलायचं न्हाई." सात वर्षांचं शहाणं पोर. त्याने मान डोलावली. नळावर गर्दी होती. ती परत आली तेव्हा गाठोडं होतं, मानसिंग नव्हता.

पुण्याच्या गाडीत एक पोरगं चढताना दिसलं, असं एक हमाल म्हणाला. कुणी म्हणालं, एका बाईच्या मागनं चाललं होतं. त्यापुढे काही कळलं नाही. लालासाहेब तेव्हा फौजेत होता. तार मिळाली तसा तो रजा काढून आला. साताऱ्याची चौकी झाली, मिरजेचं स्टेशन झालं, पुण्यातले आश्रम झाले. पोराचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. जो भेटेल त्याला तोंडाने वर्णन करून सांगावं लागायचं, आणि सांगता सांगता लालासाहेबाचा आवाज बसायचा. पुढे एकदा बातमी आली की तासगावकडच्या एका द्राक्षाच्या मळ्यात असंच चुकलेलं पोर राबतंय. दोघं नवराबायको धावत गेली. पोर भलतंच होतं. अंजनाने तरी त्याला जवळ बसवलं, बरोबर नेलेली भाकरी त्याला खाऊ घातली, आणि त्याचं खाऊन होईपर्यंत ती तिथून उठली नाही.

फौजेतून कायमचा घरी आल्यावर लालासाहेब एका सकाळी चुलीपुढे येऊन बसला. म्हणाला, "अंजना, आता त्याचं काय त्ये करून टाकू. जिवाला शांती मिळंल. त्येच्याबी, आपल्याबी."

ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून घराबाहेर गेली ती दिवस कलल्यावर परत आली. त्यानंतर दोघांच्यात पोराचं नाव निघालं नाही. लालासाहेबाने शेत बघावं, तिने घर बघावं. तो तिला कधी टाकून बोलला नाही, त्याने 'तू नळावर का गेलीस' असं एका शब्दाने विचारलं नाही. पण पोर आता या जगात नाही, हे त्याने मनाशी धरलंय असं तिला वाटे, आणि तेच तिला सोसत नसे. संध्याकाळची गाडी यायच्या वेळी ती काहीतरी निमित्त काढून थांब्याकडे जायची. कधी शेण गोळा करायला, कधी कुणाच्या वासराला शोधायला. उतरलेली माणसं बघायची आणि परत फिरायची. सुरुवातीला बायका हळहळल्या, मग कुजबुजल्या, मग त्यांनाही सवय झाली.

नवी जागा मिळाली ती रहिमतपूरच्या अलीकडे. काळंभोर सपाट रान. ना डोंगर, ना ओढा. पत्र्याच्या शेडच्या रांगा, आणि रांगेत कुठली शेड आपली हे ओळखायला दारांना गेरूने केलेल्या खुणा. बाजाराला गेलं की तिथले लोक म्हणायचे, "बुडीतवाले आलं." पोरांना शाळेतही तेच ऐकावं लागायचं. शालू एकदा रडत घरी आली होती.

पावसाळ्यात उंबरकोंड बुडालं. त्यानंतर वसाहतीला नाव द्यायचं ठरलं तेव्हा सकाळीच सगळी माणसं लिंबाखाली जमली. पुरुष पुढे, बायका मागे. नाथाजी जुन्या गावाचा सरपंच होता. तो उठून म्हणाला, "झालं गेलं पाण्यात गेलं. आता नवं रान, नवं घर. आनंदनगर ठिवू. तरणी पोरं म्हणत्यात त्ये मलाबी पटतंय. ह्यापुढं कुणी आपल्याला बुडीतवाले म्हणाया नगं."

"व्हय, बराबर हाय," चारपाच आवाज उठले.

"बुडाल्या गावाचं नाव पोराबाळांच्या मागं कशाला लावायचं?" कुणीतरी म्हणालं. तेही खोटं नव्हतं. नाथाजीने इकडेतिकडे पाहिलं. "मग ठरलं म्हणायचं?"

"न्हाई."

आवाज मागून आला होता. सगळ्यांनी माना वळवल्या. अंजना उभी होती. गावच्या बैठकीत तिने आजवर तोंड उघडलं नव्हतं.

"काय म्हणता, वैनी?"

"उंबरकोंडच ऱ्हाऊ द्या."

"अवो, पर कारण?"

अंजनाने पदर खांद्यावरून ओढून घेतला.  "माझ्या पोराला दुसरं नाव ठावं न्हाई," ती म्हणाली. "मी त्येला शिकवलं हुतं. कुणी इचारलं की सांगायचं, मानसिंग लालासाहेब कदम, मुक्काम उंबरकोंड. त्येवढंच त्येला येतं. त्यो कवा आला, आन स्टँडवर त्येनं इचारलं, तर लोकं सांगतील, असलं गावच न्हाई. मग त्यो कुठं जाईल?"

  तरणी पोरं पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागली. दहा वर्षं सगळ्या गावाने तिच्यासमोर हा विषय टाळला होता. आज तिनेच तो सगळ्यांपुढे मांडला होता.

पुढच्या रांगेतून लालासाहेब उठला. कुणाकडे न बघता, चपला पायात सरकवून, सरळ शेडच्या दिशेने चालू लागला. अंजना त्याच्या पाठीकडे बघत राहिली. चार माणसांत आपण नवऱ्याला खाली बघायला लावलं, असं तिला वाटलं.  शेजारी बसलेल्या धोंडुबाईने हात धरून तिला खाली बसवलं आणि म्हातारी स्वतःच खणखणीत आवाजात बोलली.

"नाथाजी, मी त्या गावात नांदाया आले तवा तू रांगत हुतास. आमची समदी हाडं तितं पाण्याखाली. नाव तेवढं वर ऱ्हायलंय, त्येबी बुडवतोस व्हय रं?"

नाथाजीने टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा घातली. "न्हाई काकी," तो म्हणाला. "बुडवत न्हाई." मग पोरांकडे वळून त्याने विचारलं, "काय रं?" एकाने मान हलवली, मग दुसऱ्याने. बैठक तिथेच उठली.

अंजना घरी आली तर लालासाहेब दारात विळ्याला धार लावत बसला होता. तिने भाकऱ्या केल्या, त्याने जेवून घेतलं. बैठकीत नाव उंबरकोंडच राहिलं, हे त्याला येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तो सकाळीच फौजेतला जाड शर्ट घालून बाहेर पडला.

"कुठं निघालाय?" तिने विचारलं.

"कोरेगावला."

तो परतला तेव्हा काखोटीला पत्रा आणि हातात रंगाचे दोन डबे होते. शालूनेच खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की एसटीच्या साहेबाला भेटून आलाय. रहिमतपूरची गाडी रस्त्यावर थांबेल म्हणाले. नावाचा बोर्ड मात्र केव्हा मिळेल सांगता येत नाही. "मग मी म्हणलं, बोर्ड आमी लावतो," लालासाहेब म्हणाला. फौजेत गाड्यांवर नंबर रंगवण्याचं काम त्याने केलं होतं. त्याने पत्रा काळा केला, वाळवला, आणि गुडघे मोडून बसून एकेक अक्षर पांढऱ्या रंगाने काढलं. मध्येच अंजना दारात येऊन उभी राहायची. तो मान वर करत नसे. एकदा मात्र म्हणाला, "कोंडचा 'क' वाकडा झाला का गं?"

"न्हाई. चांगला आलाय."

रंग सुकल्यावर तिघं रस्त्याकडेला गेली. उतरतीचं ऊन होतं. लालासाहेबाने खड्डा खणून बाभळीचा खांब रोवला, दगड घालून चोपला. मग दगडांवर ठेवलेल्या एका फळकुटावर चढून त्याने पत्रा खांबाला टेकवला. शालूने मोठ्याने वाचलं, "उंबरकोंड."

अंजना दोन पावलं मागे सरकून बघत होती.

"आवं, जरा खाली घ्या की," ती म्हणाली. "ल्हान पोराला वाचता आलं पायजे."

लालासाहेबाच्या तोंडात खिळे होते. त्याचा हातोडीचा हात थांबला.  मग त्याने एकेक करून खिळे तोंडातून काढून मुठीत घेतले.

"आगं, त्यो आता का ल्हान ऱ्हायलाय?" तो म्हणाला. "माझ्यापरीस उंच झाला असंल."

आणि त्याने पत्रा आणखी वीतभर वर सरकवून पहिला खिळा ठोकला.