एका कीबोर्डावर दोघं

माझ्या बहिणीला, नशवाला, मागणी घालणाऱ्या माणसाला मी आधी माझ्या दुकानात बसवून फुटबॉल खेळवणार, हे मी घरात स्पष्ट सांगितलं होतं. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे, जावई बघतोयस का गोलकीपर?" म्हणू दे. माणूस कसा आहे हे कळायचं असेल तर त्याला हरताना बघावं, हे माझं ठाम मत आहे. दिवाणखान्यात चहा पिताना सगळेच सज्जन असतात. लागोपाठ गोल बसले की कोण कंट्रोलर आपटतो, कोण शिव्या देतो, कोण "बटणच खराब आहे" म्हणतो, ते दिसतं. इजिप्तमधल्या तांता शहरातल्या या गल्लीत मी व्हिडिओ गेमचे कन्सोल तासावर देतो. अर्ध्या मोहल्ल्याचे स्वभाव मला असेच कळलेत.

आणि हा लुत्फी मला पहिल्या भेटीपासूनच आवडला नव्हता. आई आणि मामाला घेऊन आला होता. मी हात पुढे केला, तर या बादशहाने डावा हात छातीला लावून नुसती मान लववली. उजवा हात खिशात! खिशातून बाहेर काढेना. चहा आला तर पेला डाव्या हाताने उचलला. माझ्या घरात, माझ्या आईसमोर, डाव्या हाताने! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उसाच्या रसाचं दुकान आहे बापाचं, म्हणून एवढा तोरा?

ते गेल्यावर मी म्हणालो, "हा शिष्ट माणूस आपल्याला नको."

नशवा त्याच्या दुकानाशेजारच्या औषधाच्या दुकानात कामाला आहे. ती त्याला चांगली ओळखत होती आणि तिला तोच हवा होता, हे तिने लपवलं नव्हतं. ती म्हणाली, "हिल्मी, तू त्याच्याशी दोन वाक्यं तरी बोललास का?"

"ज्याला हात मिळवता येत नाही त्याच्याशी काय बोलू?"

तिने तोंड उघडलं, मग मिटलं. "बघ एकदा नीट. मग काय ते बोल," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

आमच्या मामांनी तोडगा काढला. शुक्रवारी संध्याकाळी दोन्हीकडची मोठी माणसं आमच्याकडे बसतील आणि फातिहा वाचतील. एकदा फातिहा वाचली की सोयरीक पक्की, मग मागे फिरणं नाही. पण आमचे वडील हयात नाहीत, तेव्हा हिल्मीने 'हो' म्हटल्याशिवाय कुणी हात वर करायचे नाहीत. मी म्हणालो, ठीक, मग शुक्रवारच्या नमाजनंतर पाठवा त्याला दुकानात. मनातून माझं 'नाही' ठरलेलंच होतं. फक्त त्याला एकदा हरवून मग 'नाही' म्हणायचं होतं.

शुक्रवारी तो आला. खांद्याला पिशवी, उजवा हात खिशात. दुकान गच्च भरलेलं. बातमी पसरवायचं काम शहाताने केलं होतं. शहाता तुकतुक, म्हणजे तीनचाकी रिक्षा, चालवतो, पण तुकतुकपेक्षा त्याची जीभ जास्त पळते. "या, या, नवरदेव!" तो ओरडला. "आमच्या उस्ताने, उस्ताद हिल्मीने, आजवर कुणाला सोडलेलं नाही, मेहुण्याला काय सोडणार!"

मी कंट्रोलर पुढे केला. लुत्फीने तो घेतला नाही. पिशवीतून त्याने एक कीबोर्ड काढला, एक माउस काढला आणि काड्यापेटीएवढी एक डबी काढली. ही डबी मला चांगली ठाऊक आहे. ती मध्ये लावली की कन्सोलला वाटतं, समोर कंट्रोलरच आहे.

दुकानात जी बोंब उठली! कारण माझ्या मागच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी होती: 'कंट्रोलरशिवाय काही चालणार नाही. कीबोर्ड-माउसवाल्यांनी दुसरं दुकान बघावं.' रमजानात मी बंदुकीच्या खेळाची स्पर्धा ठेवली होती, तेव्हा शेजारच्या महल्ला शहरातून एक महाशय अशीच डबी घेऊन आले होते. कंट्रोलरच्या छोट्या दांडीवर अंगठा घासत आपण नेम धरेपर्यंत माउसवाल्याचं बोट सरकून काम झालेलं असतं. वर खेळ कंट्रोलरवाल्यांना नेमासाठी जो थोडा आधार देतो तोही त्याला फुकट मिळत होता. त्याने सगळ्यांना झोपवलं. भांडण झालं, माझ्या दाराची काच फुटली, आणि दुसऱ्या दिवशी मी पाटी लावली.

"लबाड आहे!" शहाता ओरडला. "सोयरीक करायला आला आणि फसवणुकीचं सामान घेऊन आला!"

"कंट्रोलर मला जमत नाही," लुत्फी म्हणाला. आवाज शांत होता. "मी घरी यावरच खेळतो."

"इथे आमच्या आजीलासुद्धा जमतो कंट्रोलर," मी म्हणालो. लोक हसले. मला आणखी चेव आला. "पाटी वाचता येते ना? पण पाहुणा आहेस, म्हणून निम्मं सोडतो. कीबोर्ड ठेव. कीबोर्डावर आम्ही सगळेच लहानपणी शिकलोय. माउस मात्र इकडे दे. लबाडी सगळी त्यातच असते."

त्याने माउस काढून माझ्या हातात ठेवला. हुज्जत नाही, तोंड वाकडं नाही. मी तो खणात टाकला.

मग त्याने खिशातून उजवा हात काढला आणि कीबोर्डावर ठेवला.

अंगठा नव्हता. मुळापासून नव्हता. शेजारची दोन बोटं वाकून तशीच कडक झालेली होती, आणि हाताच्या पाठीवर मनगटापर्यंत जुना व्रण. उसाच्या चरकाने काय होतं ते आमच्या शहरात कुणाला सांगावं लागत नाही.

या हाताने तो कंट्रोलर धरणार तरी कसा होता? पेला कसा उचलणार होता? अरे देवा! मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. मी खण उघडला.

"हा घे माउस. मला माहीत नव्हतं."

"राहू दे, उस्ता," तो म्हणाला. "पाटी सगळ्यांसाठी आहे. तुम्ही सुरू करा."

आता हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. पण माझा स्वभाव असा की चूक झाली की मला माझाच राग येतो, आणि तो समोरच्यावर निघतो. एवढ्या लोकांसमोर याने मला लहान केलं, असं वाटलं. म्हटलं, बरं बाबा, तुला पाटी पाळायची ना, पाळ. आणि खेळ सुरू केला.

खेळ कसला, कत्तल होती ती. डाव्या हाताने तो खेळाडू पळवायचा ते झकास. काय पळवायचा! माझे दोन-दोन बचाववाले चकवायचा. पण गोलापाशी आला की उजव्या हाताची ती बोटं गोल मारायच्या कळेवर पोचेतो माझा माणूस चेंडू घेऊन पसार झालेला असायचा. माउस असता तर त्याला नुसती टिचकी मारायची होती, हे मला दिसत होतं. सगळ्यांनाच दिसत होतं. मध्यंतराला मी तीन गोलांनी पुढे होतो आणि दुकानात कुणी टाळी वाजवत नव्हतं. जिंकताना इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात नशवा चहाचा ट्रे घेऊन आली. आमचं घर दुकानाच्या वरच आहे. तिने पडद्यावरचा आकडा पाहिला, लुत्फीचा हात पाहिला, अर्धा उघडा खण आणि त्यातला माउस पाहिला. ट्रे शहाताच्या मांडीवर ठेवला.

"शाब्बास रे भावा," ती मला म्हणाली.

"तू सांगितलं का नाहीस मला?"

"तो म्हणाला होता, मी स्वतः सांगेन. आणि तू विचारलंस कधी? तू तर पहिल्या दिवसापासून फुगून बसलास." मग तिने एक स्टूल ओढलं आणि लुत्फीच्या उजव्या बाजूला बसली. "सरक. पळायचं तू, मारायचं मी."

"ए, दोघं कसे खेळाल?" मी म्हणालो.

"कन्सोलला कीबोर्ड किती जोडलेत?"

"एक."

"मग खेळाडू एकच. तुझ्या पाटीवर 'एका कीबोर्डाला दोनच हात' असं कुठे लिहिलंय?"

शहाता मांडीवर ट्रे सांभाळत म्हणाला, "उस्ता, बाई बरोबर बोलतायत." दुकान हसलं. मीही हसलो असतो, पण मी तिच्याकडेच बघत राहिलो. कारण नशवा अशी कीबोर्डाच्या उजव्या अंगाला बसलेली मी फार वर्षांनी पाहत होतो.

आमच्याकडे लहानपणी वडिलांनी आणलेला एक जुना संगणक होता. कीबोर्ड एकच. फुटबॉल खेळायचो तर डावीकडची अक्षरं माझी, उजवीकडचे बाण तिचे. खांद्याला खांदा लावून, एकमेकांच्या कोपरांना ढोसत. त्या स्वस्त कीबोर्डांची एक खोड असते. एका वेळी फार कळा दाबल्या की तो मुका होतो, कुणाचंच ऐकत नाही. आम्हा दोघांनाही ती खोड कळली होती, आणि दुसऱ्याचा गोल होणार असं दिसलं की आम्ही मुद्दाम चार-चार कळा दाबून धरायचो. मग मारामारी. मग आईची चप्पल. तेव्हा आमच्यात कुणी कुणासाठी कळेवरून बोट उचललेलं मला आठवत नाही.

लुत्फीचा कीबोर्डही तसलाच होता. उत्तरार्धाची सुरुवातच तशी झाली. त्याने चेंडू थेट माझ्या गोलापर्यंत नेला, नशवाने मारलं, आणि काही झालं नाही. चेंडू तिथेच.

"मी दाबलं होतं!" नशवा ओरडली.

"मीही दाबून धरलं होतं. पळायची कळ, दोन दिशा. चुकलं माझं," लुत्फी म्हणाला. "पुन्हा तू 'आता' म्हण."

"मी 'आता' म्हणेपर्यंत हा राक्षस चेंडू नेतो."

"मग म्हणू नकोस. मी बघतो."

काय बघतो, ते मला पुढच्याच चढाईत कळलं. आता मी पडदा सोडून त्यांच्या बोटांकडे बघत होतो, म्हणजे माझं खेळणं संपलंच होतं. तो सुसाट पळवत होता, आणि नशवाचा खांदा जरा पुढे झाला मात्र, त्याने सगळी बोटं वर उचलली. कीबोर्डापासून अधांतरी. तिच्या कळेसाठी वाट मोकळी. चेंडू जाळ्यात! दुकान छपरापर्यंत उडालं. चहा शहाताच्या विजारीवर सांडला आणि तो त्याही आरोळीत नाचत होता.

दुसरा गोलही तसाच. तिने काही सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. ती चुकली, चेंडू बाहेर मारला, तेव्हाही त्याने नुसतं हसून बोटं पुन्हा जागेवर ठेवली. आणि आमची नशवा, जी माझ्याशी मीठ देण्यावरूनसुद्धा भांडते, ती म्हणाली, "आता तू सांग कधी मारू."

शिटी वाजली. जिंकलो मीच, एका गोलाने. पण अभिनंदन करायला सगळे त्या दोघांच्या स्टुलांभोवती जमले.

गर्दी पांगल्यावर मी खणातला माउस काढला आणि लुत्फीला दिला. "ती पाटी मी बदलतो," मी म्हणालो. "आणि लुत्फी, मी तुला शिष्ट समजलो होतो. माझं डोकं आधी तापतं, मग चालतं."

"पहिल्यांदा येताना वाटलं, माणसं आधी मला बघू देत, मग हात," तो म्हणाला. "उलटंच झालं. लपवला तो हातच लोकांच्या डोळ्यांत भरला."

मग त्याने उजवा हात पुढे केला. मी तो धरला. अंगठा नसलेला हात कसा धरायचा, मला कळेना. दोन्ही हातांत घेतला.

संध्याकाळी दिवाणखान्यात मोठी माणसं बसली. आईच्या महशीचा, भात भरून शिजवलेल्या भाज्यांचा, वास घरभर होता. लुत्फीने चहाचा पेला डाव्या हाताने उचलला आणि आईने त्याच्या डाव्या बाजूला दुसरा पेला ठेवला. मामा घसा खाकरून म्हणाले, "हिल्मी, तुझं काय म्हणणं—"

"हो," मी म्हणालो.

"अरे, प्रश्न तरी पुरा होऊ दे!"

"हो म्हटलं ना, मामा! वाचा फातिहा."

सगळ्यांनी हात वर केले. वाचून झाल्यावर आईने आनंदाची किलकारी दिली, वरच्या मजल्यावरच्या बायकांनी ती उचलली. नशवा माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "काय रे, खेळ बघून पटला ना शेवटी? कसा वाटला?"

"तुझ्यासाठी बोटं उचलतो," मी म्हणालो. "मी कधी उचलली नव्हती."

"मी तरी कुठे उचलली होती?" ती हसली, आणि हसता हसता तिने माझ्या कोपराला ढोसलं. अगदी पूर्वीसारखं. मला रडू आलं. सगळ्या पाहुण्यांसमोर, माझ्यासारख्या माणसाला! मी चहाचे पेले गोळा करायच्या निमित्ताने आत गेलो.

लुत्फी कीबोर्ड आणि पिशवी दुकानातच विसरून गेला होता. कुलूप लावायला खाली गेलो तेव्हा कीबोर्ड टेबलावर दिसला, समोर दोन स्टुलं तशीच चिकटून ठेवलेली. मी तो पुसला, वायर गुंडाळली आणि तो लुत्फीच्या पिशवीत भरला. नशवाच्या शेजारची डावी बाजू इतकी वर्षं माझी होती. आज ती मी स्वतःच्या तोंडाने देऊन टाकली, आणि योग्य माणसाला दिली.