दोन मिसकॉलचं उत्तर

मला भांडखोर म्हणा, फटकळ म्हणा, मी मनावर घेणार नाही. बीडच्या आमच्या गल्लीत शांतादेवी हे नाव त्या दोन शब्दांशिवाय कुणी घेतच नाही. पण खोटारडी असं मला कधी कुणी म्हटलं नव्हतं. साठी उलटल्यावर तेही ऐकलं, आणि ऐकवलं ते अक्काच्या पोरानं.

अक्का म्हणजे महानंदा, माझी मोठी जाऊ. सख्खी बहीण नव्हे, जाऊ. हे लोकांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की जणू मला ठाऊकच नव्हतं. बावीस वर्षं आम्ही एका चुलीवर स्वयंपाक केला. भांडायचो तर असं, की शेजारणी हातातलं काम टाकून दारात यायच्या. आणि रात्री पुरुषांची जेवणं आटोपली की एकाच ताटात जेवायचो. पुढे दिरांनी अंबाजोगाईला भांड्यांचं दुकान टाकलं आणि अक्का तिकडे गेली. त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. नवऱ्यानं मुकाट्यानं बाहेरून भजी आणली.

मग मोबाइल आले. तेव्हा बोलायला मिनिटागणिक पैसे पडायचे, म्हणून आम्ही दोघींनी मिसकॉलची भाषा ठरवली. सकाळी लिंगपूजा झाली, चहा झाला, की अक्काचा एक मिसकॉल यायचा. म्हणजे ‘मी बरी आहे.’ मग माझा एक जायचा. ‘ऐकलं, मीही बरी.’ आणि लागोपाठ दोन आले तर ‘फोन कर, बोलायचंय.’ दोन आले की हातातलं पीठ तसंच ठेवून फोन करायचा, हा नियम. दोनाला एकानं उत्तर द्यायचं नाही. तसं आम्ही आयुष्यात कधी केलं नाही, अगदी बोलणं बंद असतानासुद्धा. पुढे बोलणं फुकट झालं, तरी आमची सवय काही सुटली नाही.

गेल्या वर्षी माझी मुलगी प्रणिता बाळंत व्हायची होती. ती जर्मनीत असते. नव्वद दिवसांचा व्हिसा मिळाला. मेथीचे आणि डिंकाचे लाडू बांधले, आणि जायच्या चार दिवस आधी मोबाइल घेऊन गल्लीच्या तोंडाशी धुळाजीच्या रिचार्जच्या दुकानात गेले. मुलगा सिद्धाराम बरोबर होता.

धुळाजीनं विचारलं, “काकू, तिकडं बोलायचंय का नुसतं मिसकॉलच?” त्याला आमचं सगळं माहीत.

“मिसकॉल चुकला तर अक्का मला जिवंत सोडेल का?”

“मंग पॅकबी नको तुमाला. बोलायचं आसंल तर महिन्याचा पॅक हाय, तीनदा टाकावा लागंल. पर मिसकॉलला रोमिंग नुसतं चालू करून देतो. रिंग वाजली तर पैसे न्हाईत. उचलू मात्र नका, उचलला की कटले.”

मी पर्स उघडणार, एवढ्यात सिद्धारामनं माझा हात धरला. बाहेर आणून म्हणाला, “आई, तो दुकानदार आहे, गोडच बोलणार. परदेशात नुसती रिंग वाजली तरी पैसे कटतात. वर्गणी काढून बिल भरावं लागेल आपल्याला. तुझा मोबाइल इथंच राहू दे. बँकेचे, गॅसचे सगळे ओटीपी त्याच्यावरच येतात.”

“आणि अक्का?”

“मी सांगतो ना शिवाला, की तू फोन नेला नाहीस म्हणून.”

शिवा म्हणजे शिवशरण, अक्काचा मुलगा. मी विचार केला, धुळाजी दहावी नापास आणि माझा मुलगा एमएस्सी, ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. मोबाइल त्याच्या हातात दिला. आजही तो दिवस आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

जर्मनीत थंडी एवढी की लाडूसुद्धा दगड झाले. प्रणिताचं पोट फाडून बाळ काढावं लागलं. मुलगी झाली, मग तिला कावीळ झाली, मग प्रणिताचे टाके पिकले. मी अंघोळीला जायलासुद्धा वेळ काढू शकत नव्हते. पण दर रविवारी सिद्धाराम टॅबवर दिसायचा, तेव्हा मी पहिलं अक्काचंच विचारायची.

“मस्त आहे,” तो म्हणायचा. “तुझ्या नावानं बोटं मोडते. म्हणते, गोरी होऊन येणार आता.”

हे अगदी अक्कासारखंच होतं, म्हणून मी हसायची. खोटं कसं बोलावं हे कुणी माझ्या पोराकडून शिकावं.

जानेवारीत एकदा मला कसंतरीच वाटायला लागलं. प्रणिताला म्हटलं, अक्काला तुझ्या फोनवरून लाव. अक्काकडे साधा बटणांचा मोबाइल, व्हॉट्सॲप वगैरे काही नाही. प्रणिता म्हणाली, “आई, इथून साध्या फोनवर लावलं तर केवढं बिल येतं माहितीये? थांब, शिवादादाला मेसेज टाकते.” तिनं काहीतरी टाइप केलं. थोड्या वेळानं मोबाइल माझ्यासमोर धरला. ‘सगळे मजेत’ असं लिहिलेलं मी वाचलं. कुणी लिहिलंय ते वाचायच्या आत तिनं मोबाइल काढून घेतला, बाळ रडत होतं.

फेब्रुवारीत परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धारामनं स्वतः चहा केला. तो कधी चहा करत नाही. कप हातात दिला आणि म्हणाला, “आई, शांतपणे ऐक. अक्काकाकू गेली. बारा दिवस झाले.”

पोटात गाठ निघाली होती. अंबाजोगाईच्या दवाखान्यात पाच आठवडे होती. पाच आठवडे! आणि मला रविवारी रविवारी ‘मस्त आहे’.

“तू धावत आली असतीस,” तो म्हणाला. “तिकडं प्रणिताचे टाके ओले, बाळ काचेच्या पेटीत. आम्ही दोघांनी ठरवलं, तुला सांगायचं नाही.”

दोघांनी. म्हणजे मुलीनंही. जिचे टाके मी पुसत होते तिनंही. मी ओरडले नाही. मला वाटलं, केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. अजून अर्धा गळा शिल्लक आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यानं माझा मोबाइल चार्ज करून परत दिला. आलेल्या-गेलेल्या फोनांची यादी कोरी होती. मी कारण विचारलं नाही. अक्का गेल्यावर कुणाचे फोन बघायचे होते मला?

त्याच दुपारी मी त्याला गाडी काढायला लावली. मांजरसुंबा मागं पडलं, केज मागं पडलं. अंबाजोगाई जवळ आल्यावर तो म्हणाला, “आई, तिथं फार काही बोलू नकोस. ते दुःखात आहेत.” जशी मी लग्नाला निघाले होते.

दुकानामागच्या खोलीत अक्काचा फोटो होता, विभूतीचे पट्टे लावलेला. शिवशरण जमिनीवर बसला होता. मला बघितलं की हा पोरगा आधी पाया पडायचा, मग बोलायचा. त्या दिवशी तो उठलासुद्धा नाही.

मी फोटोपुढे बसून रडले. लाज न बाळगता रडले. मग त्याला जवळ घ्यायला हात पुढे केला. “शिवा, मला कुणी कळवलं नाही रे. माझ्याजवळ मोबाइलसुद्धा नव्हता.”

त्यानं माझा हात बाजूला केला. “काकू, रडा तुमी. पर खोटं नका बोलू.”

“कसलं खोटं?”

तो उठला, फळीवरून अक्काचा मोबाइल आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. “बघा की. शांता, शांता, शांता. रोजचा तुमचा मिसकॉल हाय त्याच्यात.”

चष्मा लावला. खरंच होतं. माझं नाव, माझा नंबर. रोज सकाळी सातच्या पुढे अक्काचा गेलेला, आणि थोड्या वेळानं माझा आलेला. मी जर्मनीत बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होते, त्या दिवसांत रोज माझ्या नंबरावरून अंबाजोगाईला ‘मीही बरी’ असा निरोप जात होता.

“सिद्धूनंच सांगितलं व्हतं,” शिवशरण म्हणाला. “म्हनला, आईनं मोबाइल नेलाय. मिसकॉल खुशाल द्या, त्याला पैसे न्हाईत. पर उचलायला लावू नका, लई कटतात. म्हनून आमी कवा सरळ लावला न्हाई, आजाराचंबी सिद्धूच कळवनार व्हता. आई दवाखान्यातबी रोज द्यायची. तुमचा आला की मगच दूध प्यायची.”

मला सांगितलं, रिंग वाजली तरी पैसे. त्यांना सांगितलं, मिसकॉल खुशाल द्या. धुळाजीचं ऐकून आलेला माणूस दोन घरांना दोन गोष्टी सांगत होता, आणि मधे माझा मोबाइल त्याच्या खिशात.

शिवशरण थांबत नव्हता. “मंग डॉक्टरनं सांगितलं, आता घरी न्या. त्या दिशी आईनं दोन दिले. तुमचा एक आला. आई म्हनली, चुकून झालं आसंल, बाळ आसंल हातात. दुसऱ्या दिशी परत दोन. परत एक. पाच दिवस, काकू. पाच दिवस ती दोन द्यायलीती अन् तुमी एक.”

मी यादी बघत होते. दोन, एक. दोन, एक. कुणी मुद्दाम मांडून ठेवावं तसं.

“मी म्हनलं, जाऊ दे पैसे, सरळ लावतो. तर माझा हात धरला तिनं. म्हनली, ऐकू गेलंय तिला, म्हनून तर एक आलाय. तिला बोलायचं न्हाई. मला इचारायली, शिवा, शांता जाताना मी तिला कायतरी टाकून बोलले का रे? तू व्हतास का तिथं? शेवटपर्यंत हेच. मी काय सांगनार व्हतो?”

अक्का मला काही टाकून बोलली नव्हती. जाताना तिनं मला लोकरीचे मोजे दिले होते आणि विमानात रडू नकोस म्हणाली होती. एवढंच सांगायला मला एक मिनिट लागलं असतं.

मी सिद्धारामकडे बघितलं. तो गाडीच्या किल्लीकडे बघत होता. दोनाचा अर्थ त्याला माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही. तो लहान होता तेव्हा मी अंगणात असले की तोच मोबाइल घेऊन पळत यायचा, “आई, काकूचे दोन आले! दोन आले!”

“सांग,” मी म्हटलं. “सिद्धाराम, सांग ह्याला.”

मला वाटलं होतं तो सांगेल. खरंच वाटलं होतं. फसवलं असेल, पण चांगल्यासाठी फसवलं. आता आईवर आळ आलाय, आता बोलेल. माझ्या पोटचा आहे.

त्यानं घसा साफ केला आणि वर्गात बोलतो तशा समजुतीच्या आवाजात म्हणाला, “शिवा, आई तिकडं बाळाच्या गडबडीत होती रे. दोन आले का एक, तिच्या ध्यानात आलं नसेल. म्हातारं माणूस आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

मला एकदम थंडी वाजली. जर्मनीतल्या बर्फात वाजली नव्हती तशी.

आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणून बायका गप्प बसतात. मी पण पुष्कळ वेळा बसले आहे. पण अक्काच्या फोटोपुढे माझ्याच्यानं बसवेना. मी सगळं सांगितलं. धुळाजीचं, रोमिंगचं, ओटीपीचं, रविवारच्या ‘मस्त आहे’चं. मोबाइल इथं बीडला होता, ह्याच्या खिशात होता, हे मिसकॉल ह्यानं दिले, त्या पाच सकाळी ह्यानं एक दिला.

सिद्धाराम खाली मान घालून म्हणाला, “दोनाला काहीच दिलं नसतं तर तुम्ही लगेच प्रणिताला फोन लावला असता. मग आईला कळलं असतं. मी काय करणार होतो? प्रणिताकडं कोण होतं?”

म्हणजे कबूल. मी शिवशरणकडे वळले. आता तरी तो माझ्याकडे बघेल, आता तरी काकू म्हणून हात धरेल, असं मला वाटलं.

त्यानं माझ्या मांडीवरचा मोबाइल उचलला. फळीवर परत ठेवला.

“खरं आसंल तुमचं, काकू,” तो म्हणाला. “पर आई तर तुमी रागावलाव आसंच समजून गेली. आता हे मला कशापायी सांगायलात?”