हात दाखवा, विमान थांबवा

माझं नाव प्रेमिला. नागपूर–नरखेड गाडीवर मी कंडक्टर आहे, अन् एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. रस्त्यावर कोणी हात दाखवला अन् माझी गाडी थांबली नाही, असं अजून झालं नाही. ड्रायव्हर कुरकुर करते, आतले प्रवासी कुरकुर करतात, करू दे. दोरी माझ्या हातात असते. मी एक बेल मारली का गाडी थांबते, डबल बेल मारली का निघते. डबल बेल मिळेपर्यंत ड्रायव्हर किती का शहाणा असेना, जागचा हलत नाही. हे कायले सांगून राहिली, ते पुढं समजन.

माझी पोट्टी दीक्षा. कॉलेज संपल्यापासून तिनं अन् तिच्या मित्रानं, गौरांगनं, एकच काम केलं. व्हिडिओ गेम बनवला. नाव 'लाल भिंगरी'. जुन्या जमान्यातलं पंख्याचं लाल विमान, त्यात चामड्याची टोपी घातलेली एक पोट्टी, अन् आभाळभर दरोडेखोर. त्यांचा म्होरक्या कप्तान गलमिशे. त्याचं फुग्यासारखं मोठ्ठं जहाज शेवटी ढगातून निघते अन् तोफा डागते. विमान चालते संत्र्याच्या रसावर. आभाळात जागोजागी संत्रे टांगले आहेत. विमान संत्र्याले लागलं का आतून गौरांगचा आवाज येते, 'संत्रा मिळाला!' टाकी भरते अन् विमानाची मोडतोडही दुरुस्त होते. मी म्हटलं, संत्र्यावर विमान उडते तर माझी गाडी काटोलच्या चढावर काहून धापा टाकते?

गौरांगनं त्यासाठी लाकडी पेटीही केली. आमच्या लहानपणी व्हिडिओ पार्लरमधे असायची अगदी तशी. मधात दांडा, बाजूले दोन लाल बटनं, एक गोळ्या झाडायचं अन् एक जोरात पळायचं.

हे सगळं ठीक आहे, पण पोटापाण्याचं काय? माझा भाऊ ओमप्रकाश बुटीबोरीले कापडाच्या कंपनीत आहे. त्यानं शब्द टाकून दीक्षासाठी ऑफिसात कॉम्प्युटरची खुर्ची धरून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, लकडगंजच्या एका हॉलमधे गेमवाल्यांचा मेळावा होता. पुण्याच्या कंपनीची एक मॅडम येऊन एक गेम निवडणार अन् तो दुनियाभर विकायले काढणार. मी दीक्षाले साफ सांगतलं, "निवडला तर निवडला. नाही तर सोमवारी मुकाट्यानं बुटीबोरीची बस धरायची." ती मान डोलावून "हाव" म्हणाली. मी आई आहे, अट घालणारच. पण रविवार जवळ आला तसं मीच दिवस मोजायले लागली. तिचा गेम निवडला जावा असं मले तिच्याहून जास्त वाटून राहिलं होतं, अन् अट घालणारीनं हे बोलायची सोय नव्हती.

रविवारी सकाळची ड्युटी संपवून मी तशीच हॉलवर गेली. अंगात खाकी, खांद्याले बॅग. दीक्षा पेटीजवळ उभी होती अन् तिचं तोंड सुकलं होतं.

"काय झालं वं?"

"आई, कोणी टिकूनच नाही राहिलं. बसतात, गोळ्या खातात, मरतात अन् बाजूच्या टेबलावर जातात. म्हणतात लय कठीण आहे."

"मंग सोपा कर."

"आता? ती मॅडम येऊन राहिली, ती पाहा."

पाह्यलं तर खरंच. भैरवी मॅडम, सुती साडी, बूट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. त्यांची पद्धत अशी होती का बनवणाऱ्यानं खेळून दाखवायचं नाही. ज्यानं तो गेम कधी हातात धरला नाही असा माणूस बसवायचा, अन् त्या मागं उभ्या राहून त्याचं तोंड पाहणार. आमच्या पेटीपुढं चिटपाखरू नव्हतं. गौरांगले माणूस पकडून आणायले पाठवला होता, तो तर्री-पोह्याच्या रांगेत जाऊन उभा राह्यला होता. ऐन वेळेले जे कामाचे असतात ते नेमके असेच गायब होतात.

"कोण खेळणार आहे?" मॅडमनं विचारलं.

दीक्षानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं अन् माझ्या खांद्यावरची बॅग काढून घेतली. "ही," म्हणाली. "माझी आई. तिनं कधीच खेळला नाही."

हे खरं होतं. मी स्टुलावर बसली. आपलं घाबरणं कोणाले दाखवायचं नाही, हे मी नोकरीत पहिल्याच दिवशी शिकली आहे.

विमान उभं होतं. दीक्षा म्हणाली, "दांडा पुढं कर."

"थांब ना. बेल कोण देईन?" मी पेटीवर दोन थापा मारल्या, ठक ठक, मंग दांडा पुढं केला.

विमान वर गेलं. बापा, काय सुंदर काढलं होतं पोट्टीनं. खाली गाव, गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या साड्या. अन् त्या गच्च्यांवर माणसं. एक म्हातारी, एक टोपीवाला, एक बाई कडेवर लेकरू घेऊन. अन् सगळेच्या सगळे हात दाखवून राहिले होते.

"अवं दीक्षा, लोक उभे आहेत."

"ते नुसते शोभेले आहेत आई. वर पाहा, दरोडेखोर आले. गोळीचं बटन दाब."

"शोभेले कसे? हात दाखवून राहिले."

"आई, गोळी झाड."

मी गोळी झाडली नाही. मी विमान खाली घेतलं. आता तुम्ही म्हणसान, बाईले गेम समजला नाही. समजला होता, बरोबर समजला होता. पण डोळ्यापुढं म्हातारी हात हलवून राहिली अन् आपण वरून भुर्रकन निघून जायचं, हे माझ्याच्यानं होत नाही. मागून मॅडम म्हणाल्या, "त्यांना त्यांच्या मनासारखं खेळू द्या." दीक्षानं डोळ्यांवर हात ठेवला.

विमान गच्चीवर टेकलं, दोनदा उसळलं, म्हातारीले लागलं. म्हातारी गडप झाली. अन् आतून गौरांगचा आवाज आला, 'संत्रा मिळाला!'

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. दीक्षानं डोळ्यांवरचा हात काढला.

"हे काय झालं?" ती पुटपुटली.

"बसली ती," मी म्हटलं. "चला." ठक ठक.

पुढच्या गच्चीवर टोपीवाला. 'संत्रा मिळाला!' त्याच्या पुढं लेकुरवाळी. 'संत्रा मिळाला!' मी म्हटलं, "लेकरू मांडीवर घ्या बाई, अर्धं तिकीट नाही लागत." आता मागं हसू दाबायचं कोणी नावच घेईना. बाजूच्या टेबलावरचे पोट्टे उठून आले. वर दरोडेखोर घिरट्या घालून राहिले होते, पण खाली एकही येईना. दीक्षानं मंग सांगतलं, इतक्या खाली कोणी विमान घालन असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं, म्हणून दरोडेखोरांले खाली यायले शिकवलंच नव्हतं.

"पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा आहे," मी विमानातल्या लोकांले ओरडून राहिली होती. स्टुलामागची गर्दी इमानदारीनं पुढं सरकली. मी थाप मारायचा अवकाश, सगळा हॉल 'टिंग टिंग' करायचा. मले इतकं हसू येऊन राहिलं होतं का दांडा हातात राहीना. गौरांग पोह्याची प्लेट घेऊन आला, गर्दी पाहून त्याले वाटलं पेटीले आग लागली, अन् प्लेटीतलं पाणी ओतायले धावला. पाणी कुठलं, पोह्यावरची लालभडक तिखट तर्री होती. दोघाचौघांनी धरला म्हणून पेटी वाचली.

पडद्याच्या कोपऱ्यातला टाकीतल्या संत्र्यांचा आकडा नव्व्याण्णववर जाऊन अडकला. गाव संपलं. मंग ढग फाटले अन् ते जहाज निघालं.

कप्तान गलमिशे जहाजाच्या टोकावर उभा. गालभर मिशा, कमरेले तलवार, अन् मूठ वळून हात वर करून हलवून राहिला.

"आई," दीक्षा माझ्या कानाशी म्हणाली, "इथं तरी गोळ्या झाड. इथं सगळे मरतात. मी स्वतः मरते."

"तोही हात दाखवून राहिला."

"आई, तो धमकी देऊन राहिला!"

"धमकी असो नाही तर विनंती असो. हात तो हात."

दांडा पुढं केला. तोफा सुटल्या. विमानाची मोडतोड भरून काढता काढता आकडा धडाधड उतरायले लागला. सत्तर, चाळीस, वीस. विमानातून धूर निघून राहिला होता अन् मी ओरडून राहिली होती, "धरून बसा, खड्डा आहे!" नऊ. चार. गर्दीतलं कोणीतरी माझं स्टूलच पुढं ढकलायले लागलं. दोन. एक. विमान जहाजाच्या टोकाले लागलं.

'संत्रा मिळाला!'

कप्तान गायब. तोफा बंद. जहाज पंक्चर झाल्यासारखं बाजूले कललं, दरोडेखोर हवेत जिथल्या तिथं थांबले, अन् पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं, 'विजय'. हॉलमधे जो कल्ला झाला तो तुम्हाले काय सांगू. मले दोन अनोळखी पोट्ट्यांनी उचलून धरलं. गौरांग रडून राहिला होता, पण तर्री डोळ्यात गेली म्हणून.

भैरवी मॅडमनं डोळे पुसले. इतकं हसल्या होत्या का काजळ गालावर आलं होतं. मंग त्यांनी दीक्षाले विचारलं, "खरं सांगा. हे तुम्ही असंच ठरवलं होतं?"

माझा जीव टांगणीले लागला. हाव म्हण, मनात म्हटलं, हाव म्हणून टाक.

"नाही मॅडम," दीक्षा म्हणाली. "चूक झाली. माणसं वेगळी बनवायले वेळ नव्हता. संत्र्यांचीच नक्कल केली अन् वरून माणसाचं चित्र चिकटवलं. आतून सगळे संत्रेच आहेत. कप्तानपण. त्याले कोणी हात लावन असं वाटलं नाही."

"सरका," मॅडम म्हणाल्या. मले वाटलं झालं, चालल्या. पण त्या बूट काढून स्टुलावर बसल्या. दांड्याले हात लावायच्या आधी त्यांनी पेटीवर दोन थापा मारल्या, अन् सरळ म्हातारीच्या गच्चीवर उतरल्या.

खेळून झाल्यावर त्यांनी दीक्षाले जवळ बोलावलं. "हा गेम मला हवाय. पण गोळ्यांचा नको, प्रवाशांचा हवा. लोकांना घ्यायचं, मुक्कामी सोडायचं, दरोडेखोरांनाही. काम खूप आहे. उद्यापासून सहा महिने दुसरं काही करता येणार नाही. जमेल?"

उद्यापासून. उद्या सोमवार होता. दीक्षानं माझ्याकडं पाह्यलं. लहानपणी शाळेच्या सुट्टीत मी तिले गाडीवर न्यायची, तेव्हा ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून, गाडी सुटायच्या आधी मान वळवून माझ्याकडं अशीच पाहत राहायची.

मले ओमप्रकाश आठवला, त्यानं धरून ठेवलेली खुर्ची आठवली. सहा महिन्यांनी काय होईन ते मले तरी काय माहीत? भीती वाटली, खोटं कायले सांगू. पण माझी पोट्टी निघायले उभी होती अन् दोरी माझ्या हातात होती.

मी पुढं झाली अन् पेटीवर दोन थापा मारल्या. ठक ठक.

"जमन," दीक्षा म्हणाली, अन् भर हॉलमधे माझ्या गळ्यात पडली. माझी बॅग मधात आली, चिल्लर खळखळली, तरी सोडेना.

"पुरे वं," मी म्हटलं, "लोक पाहून राहिले. अन् एक लक्षात ठेवजो. त्या गलमिशेचं तिकीट काढायचं राह्यलं आहे. त्याशिवाय त्याले उतरू देजो नको."