तिसऱ्या पायाचा पेच

मित्रांनो, फोटो काढताना कॅमेरा हलू नये म्हणून तो ज्याच्यावर उभा करतात, ती तीन पायांची घोडी तुम्ही पाहिली असेल. तिला ट्रायपॉड म्हणतात. मी तसाच एक जुना ट्रायपॉड आहे. माझे दोन पाय धड आहेत. तिसऱ्याची गोष्ट सांगायची आहे. ऐकायला चांगली वाटणार नाही, तरी ऐका.

मी दुकानातून आलेलो नाही. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका लहान वर्कशॉपमध्ये विश्राम नावाचा टर्नर लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करतो. त्याला फोटोंचं वेड. बावीस वर्षांपूर्वी मालकाला विचारून त्याने उरलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या आणि जेवणाच्या सुट्टीत महिनाभर खपून मला घडवलं. माझा प्रत्येक पाय म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. आतली हवी तेवढी बाहेर ओढायची आणि पेच आवळायचा, की पाय तिथेच घट्ट. त्या पेचांचे आटे विश्रामने स्वतः पाडले होते. मला पहिल्यांदा उभं केलं तेव्हा त्याने दोन्ही हात टेकून माझ्यावर सगळा भार टाकला. मी हललो नाही. शेजारच्या मशीनवरचे हरिहरकाका म्हणाले, "विश्राम, कंपनीचा माल झक मारेल रे याच्यापुढे." विश्राम लाजला, पण ते वाक्य त्याने पुढे बऱ्याच जणांना ऐकवलं.

डोंबिवलीत त्याच्या घरी मी दाराआड उभा असायचो. रविवारी त्याच्याबरोबर बारशांना, साखरपुड्यांना, शाळांच्या गॅदरिंगना जायचो. अशाच एका हळदीत कमलेश भेटला. डोंबिवलीजवळच्या एका जुन्या गावातला तो मुलगा, नवरीचा भाऊ. तिथली भातशेती, मिठागरं केव्हाच गेली, आता इमारती आहेत. आई आवडाबाई तरुणपणी मिठागरात राबलेली, आता विधवा. मुलीचं लग्न झाल्यावर घरात मायलेक दोघंच राहिले. कमलेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं.

"दादा, मला पण शिकव ना," तो विश्रामला म्हणाला. "मी भारी कॅमेरा घेतलेला, पण फोटो सगळे फेल जातात."

"कॅमेरा भारी असून काय उपयोग? हात हलतो तुझा."

त्या दिवसापासून कमलेश दर रविवारी घरी येऊ लागला. विश्रामला मूल नव्हतं. त्याची बायको सरोज कमलेशसाठी पोळ्या जास्त करू लागली.

दूधसागरला जायचं हे त्या दोघांनी तिथेच, पोह्यांच्या बशा पुढ्यात ठेवून ठरवलं. गोवा आणि कर्नाटकच्या सीमेवरचा तो धबधबा. कमलेश म्हणायचा, "पाणी येतं कर्नाटकातून, पडतं गोव्यात. आपण ठाणे जिल्ह्यातून जाऊन फोटो काढायचा!" विश्राम त्याला समजावून सांगायचा, की असं पाणी कापसासारखं मऊ दिसायला हवं असेल, तर कॅमेऱ्याचा डोळा काही सेकंद उघडा ठेवावा लागतो. तेवढा वेळ कॅमेरा केसभरही हलता कामा नये. मग दोघं माझ्याकडे बघायचे. मला केवढा अभिमान वाटायचा!

पहिल्या वर्षी विश्रामला रजा मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी कमलेशच्या घरी भाचीचं बारसं निघालं. तिसऱ्या वर्षी मात्र दोघांनी ऑक्टोबर पक्का केला. पाऊस ओसरलेला असतो, धबधब्याला पाणी असतं आणि जंगलातून जीप सुरू होतात. सरोजने दोघांकडून वदवून घेतलं, की रेल्वेच्या रुळावरून चालत जायचं नाही. मग तिने वहीत यादी लिहायला घेतली. रेनकोट, कोरडे कपडे, बॅटऱ्या, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकच्या पिशव्या, पोटदुखीच्या गोळ्या.

"आणि ट्रायपॉड? त्याचं काही बघायचंय का?" तिने विचारलं.

"तो मी बनवलाय," विश्राम म्हणाला. "त्याला काय बघायचं?"

मित्रांनो, हे खरं नव्हतं. गणपतीच्या आधी एका साखरपुड्यात माझा तिसरा पाय अचानक आत सरकला होता. विश्रामने झडप घालून कॅमेरा वाचवला. घरी आल्यावर पेच उघडून पाहिला, तर आटे झिजलेले. नवा पेच करणं त्याच्या हातचा मळ होता. पण त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी तो दमला होता. वर्कशॉपमध्ये मला न्यायचं तर हरिहरकाकांना दिसणार, तेही त्याला नको होतं.

निघायच्या आदल्या दिवशी सरोजला डेंग्यू निघाला. तिला ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका दवाखान्यात दाखल करून विश्राम कपडे न्यायला घरी आला. कमलेश दारातच उभा होता.

"दादा, कॅन्सल करू या. पुढच्या वर्षी जाऊ."

"तीन वर्षं तेच करतोय आपण. तू जा. माझ्या वाटचा पण एक काढ."

"नक्की ना?"

"जा रे!"

मग विश्रामने मला आणायला आत पाऊल टाकलं. माझा तिसरा पाय त्याने हातात धरला आणि क्षणभर थांबला. मला वाटलं, आता सांगेल. पण ज्याला दर रविवारी शिकवलं, त्याच्यापुढे आपल्या हातचं काम कच्चं निघालं, हे त्याला सांगवेना. त्याने खणातून काळी चिकटपट्टी काढली, पेचावर चार वेढे दिले आणि मला कमलेशच्या खांद्यावर टाकलं. "सांभाळून जा," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी दूधसागर पाहिला. उंचावरून टप्प्याटप्प्याने कोसळणारं पांढरंशुभ्र पाणी आणि मधूनच गेलेला रेल्वेचा पूल. कमलेश बराच वेळ नुसता बघत राहिला. "दादा, तू पाहिजे होतास यार," तो पुटपुटला. बाकीचे लोक उभे होते त्यांच्यापासून दोन खडक पुढे जाऊन त्याने मला ओल्या दगडावर उभं केलं, कॅमेरा बसवला, पेच आवळले. पट्टी पाण्याने सुटत चालली होती. मला कळत होतं, पण मला तोंड कुठे होतं?

त्याने बटण दाबलं आणि माझा पाय आत सरकला. मी पाण्याच्या बाजूला कललो. कमलेशने दोन्ही हातांनी झडप घातली, अगदी विश्रामने साखरपुड्यात घातली होती तशीच. पण हा हॉल नव्हता. पायाखाली शेवाळ होतं.

मी दगडांच्या फटीत अडकलो. कॅमेरा गेला. कमलेश गेला. लोक ओरडत होते, कुणी दोर टाकला, कुणी मदतीला पळालं. तो सापडला संध्याकाळी, खूप खाली.

त्याच्या सामानाबरोबर मी आवडाबाईंच्या घरी आलो. येणारा प्रत्येक माणूस म्हणत होता, "पाय घसरला पोराचा." विश्राम रोज यायचा, बाहेरच्या ओट्यावर बसायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. त्याला कुणी दोष दिला नव्हता. देणारही नव्हतं. आधी कुणाचा पाय घसरला, हे फक्त त्याला ठाऊक होतं.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं, तेव्हा तो आत आला आणि आवडाबाईंसमोर खाली बसला. साखरपुडा, झिजलेले आटे, काळी पट्टी, सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. "मला माहीत होतं, आई. माहीत असून मी दिला."

 आवडाबाई म्हणाल्या, "कशाला सांगतलंस मना? तुजा जीव हलका झाला. आता मी ह्या कोनाला सांगू?"

 विश्रामने माझ्याकडे बोट करून विचारलं, "हा घेऊन जाऊ? नवा पेच बसवून आणतो."

"नको. हात नको लावूस त्याला."

तो गेला. सरोज बरी झाली, पण त्यांच्या घरी आता रविवारी कुणी येत नाही. विश्रामने पुन्हा कॅमेरा हातात घेतला नाही, असं ती एकदा आवडाबाईंना सांगून गेली. आवडाबाईंनी तिला चहा दिला. त्याच्याबद्दल काही विचारलं नाही.

मी कमलेशच्या खोलीत भिंतीला टेकून उभा आहे, दोन पाय लांब, एक आखूड. मित्रांनो, वस्तू झिजतात, त्यात त्यांचा दोष नाही आणि तुमचाही नाही. पण झीज दिसली की त्याच दिवशी दुरुस्त करा. नाहीच जमलं, तर ती वस्तू दुसऱ्याच्या हातात देताना तिचं दुखणं तोंडाने सांगा. वरून पट्टी गुंडाळून देऊ नका. सांगताना लाज वाटेल, मान खाली जाईल, तरी सांगा. विश्रामने दारात सांगितलं असतं, तर काय झालं असतं? फार तर कमलेश हसला असता.