मी परत आलेला तिसरा चेक

“काका, आम्ही बसलोय त्या खुर्च्यांचे पैसे तुम्ही कधी देणार?”

मित्रांनो, हा प्रश्न एका मुलीने आइस्क्रीमच्या दुकानात, भर गर्दीत विचारला. “हिंमत असेल तर विचारून दाखव!” अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. घरी तिला सगळे भोंगा म्हणतात, त्यामुळे आवाज शेवटच्या टेबलापर्यंत गेला हे सांगायला नकोच. आणि मी? मी तिच्या कंपासपेटीत, कर्कटकाच्या टोकाला घाबरत पडलो होतो.

मी एक न वटलेला चेक आहे. माझा जन्म याच दुकानाच्या गल्ल्यावर झाला. भोंग्याच्या बाबांचा सुतारकामाचा कारखाना आहे. त्यांनी या दुकानासाठी चाळीस खुर्च्या केल्या. एकही डुगडुगत नाही! दुकानदाराने, म्हणजे हसऱ्या काकांनी, झोकदार सही करून मला बाबांच्या हातात दिलं. पंख्याने उडू नये म्हणून आईने मला डब्याखाली ठेवलं. केवढा मान!

आठवड्याभरात बँकेने मला परत पाठवलं. पाठीला टाचणीने कागद लावला होता: खात्यात पुरेशी रक्कम नाही. माझं काय चुकलं होतं हो? तारीख बरोबर, अक्षर सुंदर!

मला दोन थोरले भाऊ होते. तेही असेच परत आले होते. दर वेळी हसरे काका म्हणायचे, “अहो, जुना द्या, नवा लिहून देतो. आपल्यात कसला परकेपणा!” बाबा भिडेपोटी द्यायचे आणि काका तिथल्या तिथे फाडायचे. भाऊ गेले, पुरावाही गेला.

इकडे लाकूडवाल्याने उधारी बंद केली. लाकडाला रंधा मारायचं मशीन विकायला निघालं. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई आईला जिन्यात म्हणाल्या, “बँकेचा कागद आल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नंतर माझ्याकडे येऊन उपयोग नाही.”

सव्वीस दिवस मी टेबलाच्या काचेखालून बाबांचा उतरलेला चेहरा पाहिला.

“ओळखीचा माणूस आहे गं,” बाबा म्हणायचे. “नंतर त्याला तोंड कसं दाखवू?”

“तोंड त्याने लपवायचं की तुम्ही?” आई विचारायची.

आज सकाळी भोंग्याने काच हळूच उचलली आणि मी कंपासपेटीत आलो.

तर प्रश्न ऐकून हसरे काका हसले. “एवढंच ना, बेटा? दे तो जुना. हा बघ, नवा लिहितो.” पेनाचं टोपण निघालंसुद्धा. भोंग्याने मला बाहेर काढलं. काकांची दोन बोटं माझ्या कोपऱ्याला लागली. मला भावांचा तो टर्रकन आवाज आठवला.

भोंग्याने मला मागे ओढलं. “नवा नको. आधी पैसे.” पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता.

काकांचं हसू मावळलं. “बापाने पाठवलं का तुला?”

“नाही. त्यांना माहीतही नाही.”

मैत्रिणी एकेक करून खुर्च्यांवरून उठल्या. आइस्क्रीम तसंच वितळत राहिलं.

मित्रांनो, माझ्यासारख्याला रद्दी समजू नका. पाठीवरच्या टाचणीसकट जपा. आणि समोरचा कितीही गोड हसला, तरी भिडेपोटी त्याच्या हाती देऊ नका. माझ्या भावांना हे सांगणारं कुणी भेटलं नाही.

घरी बाबा रिकाम्या काचेपाशी उभे होते. “चेक कुठाय? देऊन आलीस त्याला?”

भोंग्याने मला टेबलावर ठेवलं आणि तळव्याने सरळ केलं.

“न विचारता नेला, त्यासाठी हवं तेवढं रागवा. पण आई, बाबा, मी ठरवलंय. हा आता वकीलबाईंकडे जाणार, आत्ताच. बाबा, तुम्हाला जिना चढवत नसेल तर मी पुढे होते. तुम्ही मागून या.”