मला न विचारता लिहिलेला आकडा

मित्रांनो, मी रक्त तपासणारी एक जुनी मशीन आहे. आज मला गोड बोलायला जमणार नाही, कारण मी चिडले आहे.

माझं काम उजेडाचं. रक्ताच्या थेंबात रसायन मिसळतात, मी त्याला विजेचा हलका झटका देते आणि क्षणभर नारिंगी उजेड पडतो. हृदयाला इजा झाली की रक्तात एक प्रथिन वाढतं. ते जितकं जास्त, तितका उजेड जास्त. पोटातल्या काळोखात मी तो मोजते. नवी होते तेव्हा डॉक्टर मुद्दाम मला बघायला यायचे. बारा वर्षांत मी कुणाला फसवलं नाही.

पण झटका देणारी माझी पट्टी मळते, आणि मळली की उजेड मंदावतो. म्हणून रोज सकाळी आधी ज्याचा आकडा ठाऊक आहे असा नमुना माझ्यात घालायचा, आकडा बरोबर येतो का ते पाहून तक्त्यात लिहायचा आणि मगच माणसांचं रक्त घ्यायचं. अर्ध्या तासाचं काम!

त्या दिवशी बाहेर रांग लागली होती. आमच्या प्रयोगशाळेचे साहेब तपासणी करणाऱ्या ताईला म्हणाले, "काल बरोबर आला होता ना? मग कालचाच टाक लिहून. कोण बघतंय?"

ताईने मान खाली घालून लिहिला. मी बघत होते, साहेब!

दुपारी एक बसचालक छाती दाबत आला, सोबत बायको. त्याच्या रक्ताचा लख्ख उजेड पडायला हवा होता. मळलेल्या पट्टीवर तो नुसता मिणमिणला. रिपोर्ट चांगला आला म्हणून डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं. संध्याकाळी तो रुग्णवाहिकेतून परत आला. जीव वाचला, पण आता तो बस कधीच चालवू शकणार नाही.

दोन दिवसांनी त्याची बायको आमच्या दारात उभी राहिली. "रिपोर्ट चांगला होता ना? मग असं कसं झालं हो?"

साहेबांनी माझ्या झाकणावर थाप मारली. "काय करणार वहिनी, मशीन म्हातारी झालीय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! तोंड असतं तर तिथेच साहेबांची खरडपट्टी काढली असती. तेवढ्यात ताई उठली. तिने तक्ता त्या बाईपुढे धरला.

"मशीनचं चुकलं नाही, वहिनी. त्या दिवशी सकाळी आम्ही तिला विचारलंच नव्हतं. हा आकडा मी खोटा लिहिलाय."

मित्रांनो, उद्या तुम्हीही एखाद्या मशीनपुढे बसाल. तिला पुसा, धुवा, दिवस भरले की खुशाल भंगारात काढा. पण तिला न विचारता तिच्या नावावर आकडा लिहू नका. त्या आकड्यावर विश्वास ठेवून एक माणूस निर्धास्तपणे घरी गेला होता.